परक्या आज्ञावलीत मराठी : जिस्ट कार्डापासून युनिकोडपर्यंतचा मागोवा

प्रभादेवीच्या सयानी मार्गावर रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ या शासनाच्या दोन ग्रंथसंस्थांची कार्यालये अनेक वर्षे राहिली, आणि तेथून जवळच नागू सयाजी वाडीत ‘सामना’ या दैनिकाचे कार्यालय आहे. मराठी मजकूर घडवणे आणि छापणे हेच ज्यांचे काम, अशा संस्था या एवढ्याशा टापूत एकवटल्या असल्यामुळे मराठी आणि संगणक यांच्या संबंधाचा मागोवा घेण्यास ही जागा सोयीची आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा खंड २०१५ मध्ये निघाला. या दोन सालांच्या मधल्या काळात मराठी अक्षरजुळणी खिळ्यांवरून पडद्यावर आली. मात्र पडद्यामागची आज्ञावली इंग्रजीसाठी लिहिलेली होती, आणि तिच्याकडून मराठीचे काम करून घेण्यासाठी ज्या युक्त्या योजल्या गेल्या, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीचा पाया आज्ञावलीला मराठीचा पत्ता लागू न देण्यात होता.

या युक्त्या समजण्यासाठी एक तांत्रिक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. संगणक अक्षर साठवत नाही, तो अक्षराचा क्रमांक साठवतो. अमेरिकेत रूढ झालेल्या ‘आस्की’ या कोष्टकात १२८ क्रमांक असून ते इंग्रजी अक्षरे, अंक, चिन्हे आणि यंत्राच्या काही आज्ञा यांवर संपतात. संगणकाच्या एका बाइटमध्ये मात्र २५६ क्रमांक मावतात, त्यामुळे वरचे १२८ क्रमांक रिकामे राहतात. त्या मोकळ्या जागेत कोणी काय भरावे, यावरूनच पुढचा सगळा इतिहास घडला. युरोपीय भाषांनी तेथे आपली स्वरचिन्हांकित अक्षरे बसवली, रशियनने आपली लिपी बसवली, आणि जपानी व चिनी भाषांनी दोन-दोन बाइट जोडून हजारो चित्राक्षरांची सोय केली. अशा प्रत्येक कोष्टकाला ‘कोड पेज’ म्हणतात, आणि ‘विंडोज’ प्रणालीत त्यांना क्रमांक दिलेले आहेत : पश्चिम युरोपसाठी १२५२, रशियनसाठी १२५१, जपानीसाठी ९३२.

भारतीय लिप्यांसाठी याच वरच्या जागेचे कोष्टक ‘इस्की’ या नावाने तयार झाले आणि भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये त्याला आयएस १३१९४ या क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. त्याच्या मुळाशी आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेत गेलेले ‘जिस्ट’ हे काम होते, आणि मोहन तांबे हे त्यातील प्रमुख नाव होते. इस्कीत अक्षराचे रूप साठवले जात नाही, त्याचा उच्चारानुसारी घटक साठवला जातो. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी स्मृतीत आधी ‘क’ आणि मग ‘इ’ची मात्रा जाते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था समान असल्यामुळे देवनागरी ‘क’ आणि गुजराती ‘क’ यांना एकच क्रमांक पुरतो, आणि लिपी कोणती दाखवायची ते वेगळे ठरवता येते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना त्या काळच्या इतर कोणत्याही भारतीय उपायापेक्षा सरस होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही रचना प्रत्यक्षात आली ती जिस्ट कार्डाच्या रूपाने. हे कार्ड संगणकाच्या खोक्यात बसवले जाई, आणि ‘डॉस’ प्रणालीवर चालणारी इंग्रजी आज्ञावली पडद्यावर जे लिहू पाहत असे ते हे कार्ड मध्येच अडवून वरच्या १२८ क्रमांकांच्या जागी देवनागरी अक्षरे रेखाटून दाखवी. माहितीसाठ्याची ‘डीबेस’ ही आज्ञावली अमेरिकेत लिहिलेली आणि मराठीचे नावही न ऐकलेली होती, तरी तिच्यात मराठी नावे भरता येत, शोधता येत आणि अकारविल्हे लावता येत, कारण तिच्या लेखी ते केवळ आकडे होते आणि त्या आकड्यांचा क्रम वर्णमालेच्या क्रमाशी बऱ्याच अंशी जुळणारा होता. जेथे आज्ञावलीने वरचे क्रमांक स्वतःच्या कामाला जुंपले होते तेथे मात्र ही युक्ती अडे. ‘वर्डस्टार’ ही लेखनाची आज्ञावली आपल्या नेहमीच्या पद्धतीत शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट पानाच्या आखणीसाठी वापरत असे, आणि देवनागरीचे सगळे घर त्या आठव्या बिटावरच उभे होते.

१९९० च्या दशकात ‘विंडोज’ आणि ‘पेजमेकर’ आले आणि जिस्ट कार्डाची जागा फॉन्टने घेतली. छपाईच्या दृष्टीने ही सुटका होती. कार्डाच्या पडद्यावर अक्षर ठोकळेबाज दिसे, तर फॉन्टमध्ये ते वळणदार दिसे आणि कागदावर जसेच्या तसे उतरे. पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ची ‘श्री-लिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि त्याच्यासोबत येणारा ‘सुरेख’ फॉन्ट, बंगळूरची ‘आकृती’, विनामूल्य मिळणारे ‘शिवाजी’ आणि ‘किरण’, विदर्भाला हिंदी शेजारामुळे सरावाचा झालेला ‘क्रुतिदेव’ अशी नावे त्या काळात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी, करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी होती. परंतु याच टप्प्यावर इस्कीची उच्चारानुसारी शिस्त सुटली. फॉन्टमध्ये अक्षरे साठवली जात नसत, अक्षरांचे तुकडे साठवले जात : अर्धा ‘म’, उभा दंड, वेलांटी, रफार, आणि हे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने एकापुढे एक मांडले जात.

सी-डॅकच्या फॉन्ट-सांकेतिकीत हे जवळून पाहता येते. तेथे पूर्ण ‘म’ला स्वतंत्र क्रमांक नाही, अर्ध्या ‘म’चा एक आणि दंडाचा एक अशा दोन क्रमांकांनी तो बनतो, आणि ‘मा’ लिहिताना तोच दंड पुन्हा एकदा कान्याच्या कामी येतो. ‘कि’मधील वेलांटी ‘क’च्या आधी साठवली जाते आणि ‘अर्थ’मधील रफार ‘थ’च्या नंतर. छापील पान निर्दोष दिसते, पण संगणकाला या मजकुराचा क्रम लावण्यास सांगितले की वेलांटीने सुरू होणारे सगळे शब्द, मग ते किल्ला असोत, गिरगाव असोत वा शिवण असोत, वेलांटीच्या क्रमांकावर एकत्र गोळा होतात. कादंबरीच्या मजकुराला याने फारसा फरक पडत नाही, परंतु ज्याची सर्व मांडणीच अकारविल्हे आहे अशा कोशाच्या कामात हा दोष मुळावर येणारा आहे. छपाईसाठी बसवलेला मजकूर आणि शोधता येणारा मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या काळात फार थोड्यांच्या ध्यानात आले, कारण गिऱ्हाइकाला छापील पानच हवे असे.

संगणकाच्या लेखी हा मजकूर मराठी नव्हताच. वरच्या १२८ जागा १२५२ या कोष्टकात पश्चिम युरोपीय अक्षरांच्या असल्यामुळे ‘सुरेख’मध्ये लिहिलेले पत्र ज्या यंत्रावर तो फॉन्ट नसेल तेथे उघडले की पडद्यावर फ्रेंच-जर्मन धाटणीची, टोप्या आणि दुहेरी टिंबे ल्यालेली अक्षरे दिसत, आणि त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ई’ ओळीओळीला भेटे, कारण तो दंडाचा क्रमांक होता. हेच पत्र जपानी मांडणीच्या संगणकावर साध्या मजकुराच्या रूपात उघडले तर त्यातील काही बाइट शेजाऱ्याशी जोडी जमवून चित्राक्षरे होत. ‘शिवाजी’ किंवा ‘क्रुतिदेव’ यांसारखे फॉन्ट खालच्या १२८ जागांवरही बसलेले असल्यामुळे त्यांचा त्रास निराळा होता. ‘वर्ड’ ही आज्ञावली त्या मजकुराला इंग्रजी समजून ओळ न ओळ लाल नागमोडी रेघांनी अधोरेखित करी, वाक्याचे पहिले अक्षर आपल्या मताने कॅपिटल करून एका मराठी तुकड्याच्या जागी दुसराच आणून बसवी, आणि ‘क्रुतिदेव’मध्ये अर्ध्या ‘श’ची जागा असलेले सरळ अवतरणचिन्ह वळणदार करून टाकून तो ‘श’ घालवी. आज्ञावलीची ही स्वयंदुरुस्ती बंद करणे हा डीटीपी शिकणाऱ्याचा जवळजवळ पहिला धडा असे.

याच काळात जगातील इतर भाषांसाठी एक रीतसर सोय होती, आणि ती मराठीला का मिळाली नाही हे पाहण्यासारखे आहे. ‘विंडोज’मध्ये युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या आज्ञावलींसाठी कोणती भाषा धरावी, हे ठरवणारी एक मांडणी असते. मुंबईतल्या इंग्रजी संगणकावर जपानी आज्ञावली चालवायची असेल तर ती मांडणी जपानी करून संगणक पुन्हा सुरू केला की मेनूतील अगम्य चिन्हांच्या जागी जपानी अक्षरे येतात. ‘विंडोज एक्सपी’साठी मायक्रोसॉफ्टने काढलेल्या ‘अ‍ॅपलोकेल’ या साधनाने तर सबंध संगणकाची मांडणी न बदलता एकाच आज्ञावलीपुरती भाषा बदलता येई. परंतु या यादीत मराठी नव्हती आणि हिंदीही नव्हती. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड या जागतिक कोष्टकात इस्कीच्या आधाराने देवनागरीला १२८ जागा मिळाल्या होत्या, आणि ‘विंडोज २०००’मध्ये हिंदी व मराठी प्रथम आल्या त्या थेट युनिकोडच्या वाटेनेच, त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीचे कोड पेज नेमलेच गेले नाही. इस्कीला ५७००२ हा क्रमांक मिळाला, तो केवळ मजकुराच्या रूपांतरापुरता. निर्णय दूरदृष्टीचा होता, पण त्याचा तात्कालिक परिणाम असा झाला की जुन्या आज्ञावलींशी मराठीत बोलण्याचा अधिकृत मार्गच उरला नाही आणि फॉन्टची चोरवाट आणखी दहा-पंधरा वर्षे वाहती राहिली.

‘विंडोज २०००’सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. मुंबईत अक्षररचनेचे अध्यापन केलेल्या या मराठी कवी-सुलेखनकाराचे अक्षर अशा रीतीने जगभरच्या संगणकांवर पोहोचले, तरी त्यातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होते, आणि मराठी वाचकाला ते खटकत राहिले. ‘एक्सपी’ (२००१) वर देवनागरी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी नियंत्रण-पटलातील प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या आधाराची खूण करावी लागे, आणि ती करताच संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी कार्यालयात कोणाच्या कपाटात आहे यावर त्या यंत्रावरची मराठी अवलंबून असे. खूण केलेली नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या पुढे लोंबे आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत, आणि ‘युनिकोडमध्ये मराठी नीट उमटत नाही’ असा समज पसरे, जो मांडणीचा दोष लिपीच्या माथी मारणारा होता. २००७ च्या ‘व्हिस्टा’पासून हा आधार मुळातच चालू स्थितीत येऊ लागला.

त्यानंतरची अडचण छपाईची होती. ‘पेजमेकर’ची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, तिने युनिकोड ओळखले नाही, आणि ‘इनडिझाइन’मध्ये भारतीय लिप्यांचा उघड आधार येण्यास २०१२ उजाडले. त्यामुळे लेखक युनिकोडमध्ये लिहून पाठवी, मुद्रक ते श्री-लिपीत रूपांतरित करून पाने लावी, आणि मुद्रितशोधनातील दुरुस्त्या त्या रूपांतरित प्रतीवर होत. पुस्तकाचा शुद्ध मजकूर अशा रीतीने शोधता न येणाऱ्या प्रतीतच राही आणि शोधता येणारी प्रत अशुद्धच राही. विश्वकोशाचे खंड विजया वाड यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, २०११ च्या सुमारास, सी-डॅकच्या साहाय्याने युनिकोडमध्ये महाजालावर आले, तेव्हा संस्थेच्या दृष्टीने तो प्रसिद्धीचा नवा मार्ग होता. भाषेच्या दृष्टीने अधिक मोठी गोष्ट ही की अनेक खंडांच्या तोलाचा मराठी मजकूर प्रथमच शब्दाशब्दाने शोधता येण्याजोगा झाला. शेजारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली जुनी प्रकाशने पीडीएफ रूपात खुली केली, हेही मोलाचे काम आहे. परंतु पानाची प्रतिमा डोळ्यांनी वाचता येते, तिच्यातला शब्द शोधता येत नाही, आणि जुन्या फॉन्टमध्ये बसवलेल्या पीडीएफमधून ओळ उचलली तर हाती तीच टोपीवाली अक्षरे येतात.

शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची रूपे नव्याने निश्चित केली, ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे असावेत हे त्यात आले, आणि राज्य मराठी विकास संस्थेने पुढे ‘यशोमुद्रा’सारखे युनिकोड फॉन्ट उपलब्ध करून दिले. तरी युनिकोडच्या आतही एक मराठी गाठ राहिलीच. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला आडवा रकार दोन रीतींनी साठवता येतो, एक तर खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, नाही तर साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे ‘झेडडब्ल्यूजे’ हे अदृश्य जोडचिन्ह देऊन. कोणता कळफलक कोणती रीत वापरतो हे लिहिणाऱ्याला दिसत नाही, पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात, आणि शोध घेताना एक सापडते तेव्हा दुसरी निसटते.

‘विंडोज १०’मध्ये २०१८ पासून एक चाचणी स्वरूपाचा पर्याय आहे, ज्याने युनिकोड न जाणणाऱ्या आज्ञावलींनाही यूटीएफ-८ ही युनिकोडची साठवणपद्धत कोष्टक म्हणून दिली जाते. ही खूण केली की मराठीला प्रथमच जुन्या आज्ञावलींच्या जगात रीतसर जागा मिळते. पण श्री-लिपीच्या किंवा ‘सुरेख’च्या काळातील आज्ञावली वरचे क्रमांक १२५२ कोष्टकातीलच आहेत असे गृहीत धरून लिहिलेल्या असल्यामुळे त्यांचा मजकूर याच खुणेने विस्कटू शकतो. म्हणून ज्यांना पेजमेकरमधली जुनी पुस्तके पुन्हा छापायची आहेत, त्यांना आजही एखादे यंत्र इंग्रजी मांडणीवर, ती खूण न करता आणि जुन्या फॉन्टसह राखून ठेवावे लागते, आणि मूळ फाइल त्यावर उघडून तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. हे रूपांतर फॉन्टनिहाय वेगळे असते, आणि त्यानंतर रफार, वेलांट्या व जोडाक्षरे पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागतात.