दानांची वही आणि पैशांची वही

क्रॅप्स हा दोन फाशांचा जुगार अमेरिकी कॅसिनोंमध्ये उंच कडांच्या लांबट टेबलावर खेळला जातो. एक जण फासे फेकतो आणि टेबलाभोवतीचे सगळे त्याच्या दानावर पैसे लावतात. काही खेळाडू गट करून उतरतात. फेकण्याचा सराव असलेले दोघे-तिघे फासे हाती घेतात, बाकीचे पैजा सांभाळतात आणि नफा-तोटा वाटून घेतला जातो. असा गट हाताच्या कसबाने जिंकतो की नशिबाने, हे ठरवायचे तर दोन वह्या लागतात. एकीत फक्त पडलेली दाने लिहायची, दुसरीत फक्त पैसे. दोन्हींची सरमिसळ झाली की हिशेब बिघडलाच.

दोन फाशांची एकूण 36 दाने होतात. वाशीम, रिसोड किंवा कारंज्यातला दहावीचा विद्यार्थी ‘संभाव्यता’ या प्रकरणात हीच 36 दाने नमुना अवकाश म्हणून मांडतो. त्यांपैकी सहा दानांची बेरीज सात येते, इतर कोणत्याही बेरजेला इतके मार्ग नाहीत. क्रॅप्सचा सारा खेळ या सातभोवती फिरतो. पहिल्या फेकीत 7 किंवा 11 पडले तर ‘पास लाइन’वर पैसे लावणारा जिंकतो, 2, 3 किंवा 12 पडले तर हरतो. 4, 5, 6, 8, 9, 10 यांपैकी काही पडले तर तो आकडा ‘पॉइंट’ ठरतो. मग तो पुन्हा पडेपर्यंत फेकत राहायचे. मध्येच सात पडला की पैसे गेले आणि फासे पुढच्याच्या हाती. एका खेळाडूच्या हातात फासे सरासरी साडेआठ फेकी टिकतात.

सात टाळता येतो, असा काही खेळाडूंचा दावा असतो. फासे ठरावीक बाजू वर ठेवून जुळवायचे, शेजारी शेजारी धरायचे आणि अलगद असे फेकायचे, की ते हवेत एकाच आसाभोवती फिरावेत. आसाच्या टोकांना असलेल्या दोन बाजू मग वर येणार नाहीत, असा त्यामागचा तर्क. कॅसिनोचा नियम मात्र असा, की फासे समोरच्या भिंतीला लागले पाहिजेत आणि त्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात. त्यांवर आपटल्यावर आस कितपत टिकतो, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तो वहीनेच सुटू शकतो.

पहिल्या वहीत नुसती बेरीज लिहून भागत नाही. दोन फासे वेगळ्या रंगांचे घ्यावे लागतात आणि प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र रकान्यात जातो. फेकणारा कोण, फासे कसे जुळवले होते, भिंतीला लागले की नाही, हेही लिहावे लागते. जुळवणीचा रकाना का हवा, ते आकड्यांतच दिसते. लाल फाशाच्या आसावर 1 आणि 6 ठेवले तर त्याच्या 2, 3, 4, 5 एवढ्याच बाजू उरतात. पांढऱ्याच्या आसावर 2 आणि 5 ठेवले तर 1, 3, 4, 6 उरतात. आस पक्का राहिला तर होणाऱ्या 16 दानांत सात फक्त दोनदा येतो, म्हणजे आठांत एकदा. पण दोन्ही फाशांच्या आसावर 1 आणि 6 ठेवले, तर 16 पैकी चार दाने सातची होतात. तीच फेक, तोच हात, आणि सात टळण्याऐवजी वाढतो! जुळवणी न लिहिलेली वही म्हणूनच कवडीच्या मोलाची.

या वहीतून सातांपेक्षाही बोलका आकडा निघतो. लाल फाशावर 1 किंवा 6 किती वेळा आला, तो मोजायचा. हात कितीही बेफिकीर असला तरी हे प्रमाण तिसरा हिस्सा असते. 600 फेकींत 200 अपेक्षित, आणि 23 इकडे किंवा तिकडे झाले तरी तो निव्वळ योगायोग मानावा लागतो. आस खरोखर सांभाळला जात असेल, तर हा आकडा स्पष्ट खाली यायला हवा.

इथे धीर लागतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड वाँग यांच्या क्रॅप्सवरील पुस्तकात 500 फेकींची एक पैज आहे. सात 79 किंवा त्याहून कमी वेळा पडले तर फेकणारे जिंकणार होते. योगायोगाने सुमारे 83 वेळा पडायला हवेत; पडले 74 वेळा. पैज जिंकली, पण कसब सिद्ध झाले नाही, कारण कसलेच कसब नसलेल्या हातालाही असे दान साधारण सातांतून एकदा लाभते. सात सहांत एकदा न पडता साडेसहांत एकदा पडतो, एवढा छोटा फरक जेमतेम दिसायलाही सुमारे 3,400 फेकी लागतात. गटात वीस जण असतील तर त्यांतला एखादा योगायोगानेच ‘कसबी’ भासतो. तो आधीच्या आकड्यांवरून निवडला असेल, तर त्याची परीक्षा नव्या फेकींवरच घ्यायला हवी. 2009 मध्ये अटलांटिक सिटीत एका स्त्रीने सलग 154 फेकी टिकवल्या. तो विक्रम ठरला, पण एवढ्याने कोणाचेच कसब कळत नाही.

मोठ्या मोजणीची ताकद इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी 1894 मध्ये दाखवली. बारा फासे त्यांनी 26,306 वेळा टाकले. 5 किंवा 6 चे प्रमाण 0.3333 ऐवजी 0.3377 निघाले. ठिपके कोरलेल्या फाशाची सहाची बाजू किंचित हलकी होते आणि जास्त वेळा वर येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. संख्याशास्त्रज्ञ पिअर्सन यांनी 1900 मध्ये मांडलेली काय-वर्ग कसोटी याच आकड्यांवर चालवून दाखवली. कॅसिनोचे फासे पारदर्शक असतात आणि म्हणूनच त्यांचे ठिपके तितक्याच घनतेच्या द्रव्याने भरलेले असतात.

मोजणी आणि फासे यांचे नाते विदर्भाला फार जुने आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि त्याला आपली पत्नी दमयंती हिच्या माहेरी, विदर्भाकडे घेऊन निघतो. वाटेत एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून ऋतुपर्ण सांगतो, की दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि 2,095 फळे आहेत. नल रथ थांबवतो. राजाला उशीर होत असतानाही झाड तोडून मोजतो आणि आकडा बरोबर निघाल्यावर ती विद्या मागतो. अश्वविद्येच्या बदल्यात त्याला अक्षविद्या मिळते. नमुन्यावरून अंदाज बांधण्याचे हे फार प्राचीन वर्णन आहे, असे संख्याशास्त्राच्या इतिहासकारांनी म्हटले आहे. झाड बेहड्याचेच का, याचेही कारण आहे. वैदिक काळी बेहड्याची फळेच फासे होती. उचललेल्या फळांतून चार-चार वेगळी काढून काय उरते यावर डाव ठरे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या खेळात नजरेने झटपट मोजणारा जिंकणारच. नलाची गोष्ट म्हणूनच नशिबाची कमी आणि हिशेबाची अधिक आहे. विदर्भातलेच आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख आहे आणि त्याच ग्रंथातल्या चौसष्ट कलांत द्यूतही मोजले आहे.

दुसऱ्या वहीत प्रत्येक पैजेचा प्रकार, रक्कम आणि निकाल येतो. शेजारचा चौथा रकाना अपेक्षित तोट्याचा. पास लाइनवर 495 डावांत सरासरी 244 जिंकले जातात, 251 हरले जातात. म्हणजे शंभर रुपयांमागे 1.41 रुपये कॅसिनोचे. ‘एनी सेव्हन’ या पैजेत हाच वाटा 16.67 रुपये होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेई आणि फासेही तोच पुरवी. आजचा कॅसिनो तसा उघडपणे काही घेत नाही, त्याचा वाटा पैजेच्या दरातच दडलेला असतो. शंभर रुपयांचे 200 डाव खेळणाऱ्या गटाचा अपेक्षित तोटा 283 रुपये. पण प्रत्यक्षात 3,100 च्या तोट्यापासून 2,500 च्या नफ्यापर्यंत काहीही नेहमीचेच. एवढ्या नफ्यावर फेकणाऱ्याची पाठ थोपटणे म्हणूनच चूक. नफा कसबाचा असेल, तर त्याची खूण पहिल्या वहीत सापडायला हवी.

पैशांची ही वही वाशीममध्ये उघडायची सोय नाही. 1887 चा जुगारबंदी कायदा लागू आहे, आणि कॅसिनोंना परवाने देण्यासाठी 1976 मध्ये केलेला, पण कधीच अमलात न आलेला कायदा राज्याने 2023 मध्ये रद्द केला. दानांच्या वहीला मात्र पैसा लागत नाही. वर्गातल्या दहा मुलांनी एकाच जोडीचे फासे साठ-साठ वेळा टाकले की 600 ओळी भरतात. सगळ्यांचेच आकडे एका बाजूला झुकले तर दोष फाशाचा असण्याचा संभव. एकाच मुलाचे झुकले, तर त्याच्याकडून आणखी 600 फेकी करून घ्यायच्या आणि त्या स्वतंत्र पानावर लिहायच्या.