चीजला हातोडीची कसोटी

उन्हाळ्यात तापवायचं राहून गेलेलं दूध गॅसवर ठेवताच फाटतं. दुधातल्या साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंनी तोवर पुरेसं आम्ल तयार केलेलं असतं. केसीन हे प्रथिन गोळा होतं, पिवळसर निवळ वेगळी होते. चीज म्हणजे असंच नासलेलं दूध, असं सर्रास म्हटलं जातं. चीज करणाऱ्यांवर हा अन्यायच आहे, कारण त्यांची निम्मी मेहनत नासणं रोखण्यात जाते.

इटलीतल्या पार्मा परिसरातलं पार्मिजानो रेज्जानो पाहा. संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं निरसं दूध मिसळतात. तांब्याच्या मोठ्या कढईत आदल्या दिवशीची आंबलेली निवळ विरजण म्हणून पडते. म्हणजे दुधात कोणते जिवाणू आधी वाढणार, हे माणूस ठरवतो. मग येतं वासराच्या जठरातलं रेनेट. त्यातलं कायमोसिन हे विकर केसीनच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं आवरण छाटतं आणि काही मिनिटांतच दूध थिजतं. पनीरसारखं आम्ल ओतावं लागत नाही.

तारांच्या भल्यामोठ्या रवीने हा थर कणीएवढा बारीक करून 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. निवळ सुटते, खाली बसलेला गोळा कापडात उचलून साच्यात घालतात. सुमारे 550 लिटर दुधाचं 40 किलोंच्या आसपासचं एक चाक होतं. ते जवळपास तीन आठवडे मिठाच्या पाण्यात राहतं आणि त्यानंतर किमान वर्षभर मुरतं.

मुरताना प्रथिनं तुटतात, त्यातून चव येते. प्रथिनं तर नासतानाही तुटतात! फ्रिजमध्ये फार दिवस राहिलेलं दूध कडू लागतं, ते थंडीतही वाढणाऱ्या स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंच्या विकरांमुळे. चाकात अशांचा निभाव लागत नाही. तिथे साखर संपलेली, मीठ मुरलेलं, आणि दुधात 87 टक्के असलेलं पाणी 30 टक्क्यांच्या आसपास आलेलं असतं.

तरी एक शत्रू उरतो, क्लॉस्ट्रिडियम. त्याचे बीजाणू 55 अंशांना दाद देत नाहीत. काही महिन्यांनी ते जागे होतात, वायू सोडतात, चाक आतून फुगतं आणि तडकतं. मुरघासातून हे बीजाणू दुधात येतात, म्हणून या चीजसाठीच्या गायींना मुरघास घालायला बंदी आहे. बारा महिने झाले की जाणकार छोट्या हातोडीने प्रत्येक चाक ठोकून कान देतो. आत पोकळी असेल तर आवाज बदलतो. नापास चाकाच्या सालीवरची नाममुद्रा खरवडून टाकतात आणि पार्मिजानो म्हणून ते विकता येत नाही.