डोक्याची त्वचा सुटून आली तर...

गोरेगावात लोकलच्या दारात लटकणे आणि द्रुतगती मार्गावर हेल्मेटविना दुचाकी चालवणे रोजचेच. अशा अपघातांत डोक्याची त्वचा सुटून येऊ शकते.

या त्वचेला पाच थर असतात. चौथा थर सैल असल्याने हिसका बसला की वरचे तिन्ही थर एकत्र उचकटतात. दुसऱ्या, दाट थरातल्या रक्तवाहिन्या तुटल्यावर नीट आकसत नाहीत, म्हणून रक्त भळाभळा वाहते.

लहान जखम टाक्यांनी मिटते. हाडावरचे पातळ आवरण शाबूत असेल तर मांडीची त्वचा तिथे रुजवतात. तिच्यावर केस मात्र येत नाहीत. हाड उघडे पडले तर शेजारची केसाळ त्वचा रक्तपुरवठ्यासह फिरवून आणतात. जखम फार मोठी असेल तर पाठीचा स्नायू आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. सुटलेली त्वचाही याच तंत्राने परत जोडता येते. असे यश १९७६ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले.

म्हणून तुटलेला भाग फेकू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. त्वचेला बर्फ थेट लावू नका. जखमेवर कापड दाबून धरा; कवटी फुटल्याची शंका असेल तर दाब न देता नुसते झाका. आणि लगेच १०८ला फोन करा.