नव्या फळीलाही वळचण हवी

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर कारवीचे कुड आपण पाहिले असतील. कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचा लेप, एवढेच सामान. तरी कुड वर्षानुवर्षे उभा राहतो. कारण वर पुढे आलेली वळचण असते आणि खाली उंच जोते.

आता न्हाणीच्या दारासाठी, पडवीसाठी बाजारात लाकूड-प्लास्टिकची फळी मिळते. दुकानदार तिला ‘डब्ल्यूपीसी’ म्हणतो. लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून ती करतात. वाळवी तिला सहसा लागत नाही, हे खरे. पण ‘पाण्याने काहीच होत नाही’ हे प्रत्येक फळीबाबत खरे नाही.

उन्हातील अतिनील किरणांनी वरचा थर फिका पडतो व खडूसारखा भुकटतो. आतले तंतू उघडे पडले, की ते पाणी पितात, फुगतात. उन्हाळ्यात पुन्हा आकसतात. अशाने बारीक चिरा पडतात आणि ओल टिकली, की बुरशी धरते. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि पुढे कडक ऊन, म्हणजे दोन्हीकडून मार. ज्या फळीत भुसा जास्त, तिला हा धोका जास्त.

म्हणून खरेदीआधी दुकानातून एक तुकडा मागून घ्या. किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वजन करा, आठ दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन बरेच वाढले किंवा कडा फुगल्या, तर ती फळी बाहेर वापरू नका. बाहेरच्या वापराची हमी लेखी मागा, पावती जपून ठेवा.

बसवताना फळी जमिनीला टेकवू नका. कापलेल्या कडा सीलंटने बंद करा; पाणी तेथूनच आधी शिरते. उन्हाने प्लास्टिक वाढते, म्हणून दोन फळ्यांत फट ठेवा. वासा किंवा तुळई म्हणून ती वापरू नका. भाराखाली ती हळूहळू वाकते. उरलेले तुकडे चुलीत जाळू नका. पीव्हीसी असेल तर विषारी धूर होतो.

आणि दारावर दीड-दोन फुटांचे छप्पर जरूर काढा. वळचणीने कारवीचा कुड राखला, तीच या फळीलाही राखेल.