हापूसचा वास जीवाणू बनवील का?

मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डात आंब्याच्या गाळ्यांजवळून गेले, की पेटी उघडण्याआधीच हापूस ओळखता येतो. "हा वास कशाचा?" असे वर्गात विचारले तर उत्तर येते, "आंब्याचा!" उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. वास येतो तो फळातून उडून हवेत मिसळणाऱ्या लहान लहान रेणूंचा. मग हेच रेणू झाडाऐवजी जीवाणूंकडून करवून घेता येतील का? या प्रश्नाच्या पहिल्या पायऱ्यांवर पुण्यातच काम झाले आहे.

कच्च्या हापूसच्या वासात टर्पीन गटातले रेणू वरचढ असतात. आढीत फळ पिकू लागले, की त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या दोन नव्या गटांची भर पडते. फ्युरॅनोनांपैकी फ्युरॅनिऑल आणि मेसिफ्युरेन हे दोन रेणू हापूसमध्ये महत्त्वाचे आहेत. साखर किंचित करपली की येतो, तशा गोडसर वासाचे हे रेणू अगदी थोडे असले तरी नाकाला कळतात.

फ्युरॅनिऑल फळात कसे तयार होते, याचा शोध पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी घेतला. सजीवातली प्रत्येक रासायनिक पायरी एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, घडवून आणते आणि त्या विकराची कृती जनुकात लिहिलेली असते. संशोधकांनी हापूसमधून असे एक जनुक वेगळे केले. टोमॅटो आणि स्ट्रॉबेरीत याच कामाची जी जनुके आहेत, त्यांच्याशी ते ७० टक्क्यांहून अधिक जुळते. पण एका जनुकाचे काम फळातच तपासणे अवघड, कारण तिथे हजारो विकरे एकाच वेळी कामाला लागलेली असतात. म्हणून ते जनुक ई. कोलाय या जीवाणूत घातले गेले.

ई. कोलाय आपल्या आतड्यात राहतो, हे सांगितल्यावर मुले नाक मुरडतील, मुरडू द्यावे. प्रयोगशाळेतले त्याचे वाण निरुपद्रवी असतात आणि सोयीच्या परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत त्यांची संख्या दुप्पट होते.

इथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारण्यासारखा आहे : आंब्याचे जनुक जसेच्या तसे जीवाणूला दिले तर चालेल का? बहुधा नाही. वनस्पतींच्या जनुकांत मधेमधे निरर्थक मजकूर असतो. आंब्याची पेशी तो कापून टाकते, जीवाणूला ते जमत नाही. म्हणून फळातला काटछाट झालेला आरएनए घेऊन त्यावरून उलटा डीएनए बनवतात आणि तो प्लाझ्मिड या छोट्या डीएनए-वलयात बसवून जीवाणूत सोडतात. जीवाणू ते प्रथिन बनवू लागतो. जीवाणूच्या स्वतःच्या प्रथिनांतून ते वेगळे काढता यावे, यासाठी त्याला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते. निकेलसारखा धातू ही शेपटी पकडून ठेवतो, बाकीची प्रथिने वाहून जातात.

असे शुद्ध केलेले विकर फ्रुक्टोज-१,६-डायफॉस्फेटपासून फ्युरॅनिऑल बनवते, असे २०१३ साली प्रसिद्ध झाले. हे लांबलचक नाव ग्लुकोजच्या विघटनाच्या धड्यात येऊन गेलेले आहे. फळातही हे जनुक काढणीनंतर दहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक कार्यरत होते आणि पंधराव्या दिवशी, फळ पूर्ण पिकले असता, फ्युरॅनोन सर्वाधिक सापडले. पुढे २०१६ मध्ये याच प्रयोगशाळेने फ्युरॅनिऑलचे मेसिफ्युरेन करणारे विकरही मिळवले. गंमत म्हणजे तेच विकर परीक्षानळीत दुसऱ्या एका पदार्थापासून व्हॅनिलिनही बनवते!

पण यावरून 'जीवाणूंनी हापूसचा वास बनवला' असे वर्गात सांगू नये. जीवाणूने बनवले ते विकर. फ्युरॅनिऑल बनले ते परीक्षानळीत. किण्वनाच्या टाकीत हेच करायचे तर अडचण उभी राहते. फ्रुक्टोज-१,६-डायफॉस्फेट जीवाणूतही असते खरे, पण ते त्याचे स्वतःचे इंधन आहे. त्यातला वाटा तो आपल्यासाठी का सोडील? शिवाय वासाचे बरेच रेणू जास्त साठले तर पेशीलाच मारक ठरतात.

व्हॅनिलिनच्या बाबतीत या अडचणी बऱ्याच सुटल्या आहेत. भाताच्या कोंड्यातून फेरुलिक आम्ल मिळते. काही जीवाणू दोन विकरांच्या मदतीने त्याचे व्हॅनिलिन करतात. ही दोन जनुके ई. कोलायमध्ये घातली तर तोही करतो. पण हे जीवाणू व्हॅनिलिनवर थांबत नाहीत, ते पुढे खाऊन टाकतात. म्हणून खाण्याच्या पायरीचे जनुकच काढून टाकलेले वाण तयार केले गेले. लॅक्टोनांचे उदाहरण आणखी घरगुती आहे. गॅमा-डेकालॅक्टोन हा पीच फळाच्या वासाचा रेणू एका जातीचे यीस्ट चक्क एरंडेलापासून बनवते, आणि उद्योगात त्याचा वापर होतो.

आता हा रेणू 'नैसर्गिक' म्हणायचा का? रसायनशास्त्राच्या दृष्टीने फळातला, कारखान्यातला आणि जीवाणूने केलेला रेणू एकच. फरक पडतो तो कायद्यात. युरोपच्या २००८ च्या नियमानुसार वनस्पतीज, प्राणिज किंवा सूक्ष्मजीवजन्य कच्च्या मालापासून सूक्ष्मजीवांच्या प्रक्रियेने मिळालेला, निसर्गात आढळणारा रेणू नैसर्गिक ठरतो. भारताच्या २०११ च्या नियमांत मात्र नैसर्गिक स्वाद म्हणजे केवळ भौतिक प्रक्रियांनी मिळवलेला; रासायनिक रीतीने केलेल्या हुबेहूब रेणूसाठी 'नैसर्गिकसदृश' असा वेगळा गट होता. 'नैसर्गिक' हा शब्द लेबलावर आला की मालाची किंमत वाढते, त्यामुळे हा वाद शब्दांपुरता राहत नाही.

कोकणातल्या बागायतदारालाही त्यात रस असायला हवा. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने 'हापूस' हे नाव राखले जाते. फ्युरॅनिऑल कोणी कशात बनवावे, यावर त्याचे बंधन नाही. अर्थात हापूसचा पूर्ण वास म्हणजे फ्युरॅनिऑल, लॅक्टोन, टर्पीन आणि आणखी कितीतरी रेणूंचे ठरावीक प्रमाणातले मिश्रण. आंब्याच्या स्वादाचे सरबत आणि आमरस मुलांना डोळे बांधून हुंगायला द्यावेत आणि फरक शब्दांत सांगायला लावावा. बहुतेकांना तो लगेच कळेल, सांगता मात्र येणार नाही.