कळसूबाईपेक्षा उंचावर भरणारा भाजीबाजार

सोनई परिसरातून रामायण सहलीला श्रीलंकेत जाणाऱ्यांच्या बॅगेत स्वेटर बहुधा नसतोच. बेट उष्ण कटिबंधातलं, विषुववृत्त जेमतेम सात अंशांवर. थंडी कुठून येणार? पण याच सहलीत सीता एलियाचं मंदिर असतं आणि ते नुवारा एलियाच्या पुढे, डोंगरात आहे. नुवारा एलिया शहराची उंची 1868 मीटर. आपल्या जिल्ह्यातलं आणि अवघ्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते 1646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून दोनशे मीटर वर तिथे गाजर-कोबीचा बाजार भरतो, पोस्टाची लाल विटांची इमारत आहे, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आहे. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या पहाटे गवतावर हिमकण जमतात आणि चहाची कोवळी पानं करपतात.

दुसरा गैरसमज असा की, चहा हे या डोंगरांचं मूळचं पीक. आधी तिथे जंगल होतं. ते तोडून इंग्रजांनी कॉफी लावली. कोलंबो-कँडी रेल्वे 1867 साली सुरू झाली ती कॉफीची पोती बंदरात नेण्यासाठी. त्याच वर्षी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने लूलेकोंदेरा मळ्यात 19 एकरांवर चहा लावला. दोनच वर्षांत कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत बागाच्या बागा बसल्या. गव्हावरचा तांबेरा पाहिलेल्या शेतकऱ्याला याची कल्पना सहज येईल. मळेवाले चहाकडे वळले ते हौसेने नव्हे, नाइलाजाने. आणि ती कमरेएवढी झुडपंही मुळात झुडपं नाहीत. छाटणी थांबवली तर चहाचं चांगलं उंच झाड होतं. तोडणीला हात पोचावा म्हणून त्याला खुजं ठेवतात.

फोटोत हमखास दिसणारी, डोक्यावरून पट्टा घेऊन पाठीवर टोपली बांधलेली बाई सिंहली असणार, असं पर्यटक धरून चालतात. मळ्यांतले बहुसंख्य मजूर तमिळ आहेत. त्यांचे पूर्वज आजच्या तमिळनाडूतून आले. कॉफीच्या काळात त्यांचं येणं-जाणं बीड-पाथर्डीकडून सोनईच्या मुळा कारखान्याच्या उसावर येणाऱ्या टोळ्यांसारखं होतं: हंगामाला यायचं, संपला की परतायचं. चहाला हंगामाचा शेवट नाही. दर आठ-दहा दिवसांनी त्याच झाडावर दोन पानं आणि एक कळी पुन्हा खुडायला येते. त्यामुळे माणसं तिथेच, एका ओळीत बांधलेल्या खोल्यांत राहिली. स्वतंत्र देशाने 1948 च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाकारलं. 1964 च्या सिरिमावो-शास्त्री करारात 5 लाख 25 हजार माणसं भारताच्या आणि 3 लाख श्रीलंकेच्या वाट्याला आली. वाटणी माणसांची झाली, त्यांना न विचारता. उरलेल्यांचा प्रश्न सुटायला 2003 चा कायदा यावा लागला. सहलीतला गाइड हे क्वचितच सांगतो. हिरवे उतार मात्र याच माणसांनी राखले आहेत.

'उंचावरचा तेवढाच खरा सिलोन चहा' हेही अर्धसत्य. 1200 मीटरच्या वरचा चहा फिकट आणि सुवासिक असतो, त्याचं नाव मोठं. पण देशाचं निम्म्याहून जास्त उत्पादन 600 मीटरच्या खालचं, दक्षिणेकडच्या रुहुणा-सबरगमुवा भागातलं आहे, आणि त्यात छोट्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा. हा काळा, कडक चहा पश्चिम आशियात जातो.

तिथून आणलेला चहा घरी 'पाणचट' निघाल्याची तक्रार नेहमीची. माल खोटा नसतो. आपल्याकडचा बहुतेक चहा सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून चिरडून गोळी केलेला. दुधात उकळला की लगेच रंग सोडतो. श्रीलंकेतला बहुतेक चहा जुन्या पद्धतीचा: पान सुकवायचं, वळायचं, आंबवायचं, वाळवायचं. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं झाकून ठेवला की त्याची चव कळते. आलं-वेलदोडा घालून त्याला रटरटा उकळणं म्हणजे पैसे पाण्यात.

राहता राहिला पाऊस. आपल्याकडे दिवाळीला आभाळ मोकळं होतं म्हणून तिकडेही तसंच, हा हिशेब फसतो. या डोंगरांना दोन्ही मोसमी वारे मिळतात: पश्चिमेच्या उताराला मे ते सप्टेंबर, पूर्वेच्या उवा भागाला साधारण डिसेंबर-जानेवारी. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळीकडेच कोसळतो. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दितवाह चक्रीवादळाने याच भागात दरडी पाडल्या आणि डोंगरी रेल्वेमार्गाचं मोठं नुकसान केलं. त्यामुळे कँडी-एल्ला गाडीचं तिकीट काढण्याआधी कुठला टप्पा सुरू आहे ते पाहावं. नुवारा एलियाला जाणाऱ्यांनी तर स्टेशनच्या यादीत त्या गावाचं नाव शोधूच नये, कारण तिथे स्टेशन नाही. नानू ओयाला उतरायचं आणि पुढचे काही किलोमीटर बसने किंवा रिक्षाने जायचं.