कॅसेटीतून घराघरांत पोचलेला आवाज
लोकगायक प्रल्हाद शिंदे ते आजची रॅप गाणारी पोरे

आपल्या समाजात ज्यांच्या घरी पुस्तकाचे कपाट नव्हते, त्यांच्याही घरी एक खोके असायचे. पत्र्याचे नाहीतर पुठ्ठ्याचे. त्यात दहा-वीस कॅसेटी. केळापूर तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या आयाबहिणींनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले नसेल, पण ऐकले जरूर. चवदार तळे, काळाराम मंदिर, दीक्षाभूमी, सारे काही त्यांना गाण्यांतून पाठ. हे शिक्षण कोणत्या शाळेने दिले? भीमगीतांच्या कॅसेटीने दिले.

त्या कॅसेटींवर ज्यांचा आवाज सर्वांत जास्त फिरला त्यांत लोकगायक प्रल्हाद शिंदे यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. १९३३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात त्यांचा जन्म झाला. घर गरीब, पण गळा श्रीमंत. कव्वालीचे सामने, गायन पार्ट्या आणि जयंतीचे कार्यक्रम हेच त्यांचे विद्यापीठ. रात्ररात्र चालणाऱ्या सामन्यात समोरच्या पार्टीला जागच्या जागी जवाब द्यावा लागे. तिथे ज्याचा आवाज टिकला तोच खरा गायक. २३ जून २००४ रोजी ते आपल्यातून गेले, पण आवाज गेला नाही.

टेप आली आणि दार उघडले

ग्रामोफोनच्या जमान्यात गाणे छापणे हे मोठ्या कंपनीच्या हातात होते. कोणाचे गाणे तबकडीवर यायचे हे ती ठरवी. तबकडी आणि ती वाजवायचे यंत्र मजुराच्या झोपडीत परवडण्यासारखे नव्हते. फिलिप्स कंपनीने १९६३ साली छोटी कॅसेट काढली. भारतात तिचा खरा सुकाळ झाला १९८० च्या दशकात. गुलशनकुमारांच्या टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी गावोगाव पोचवल्या, आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली.

याचा फायदा ज्यांना कोणी विचारत नव्हते अशा गायकांना झाला. कॅसेट छापायला भांडवल थोडे लागे. खपली नाही तरी नुकसान थोडे, खपली तर चांदी. डबल डेक असलेल्या टेपवर एकीची दुसरी तयार होई. एक कॅसेट विकत आणली की वस्तीत तिच्या पाच कॉपी निघत. कार्यक्रमाच्या रात्री कोणी हौशी माणूस कर्ण्याजवळ टेपरेकॉर्डर ठेवून सारा सामना भरून घेई. रीळ गुंतले तर पेन्सिल घालून फिरवायचे. १४ ऑक्टोबरच्या धम्मक्रांतीच्या आठवणीत दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारा माणूस परतताना पुस्तक, बुद्धमूर्ती आणि एखादी कॅसेट घेऊन येई.

प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असा पसरला. त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद हे तर खऱ्या अर्थाने कॅसेटयुगाचे गायक. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने १९८० च्या दशकात लग्नाच्या वरातींपासून एसटी स्टँडपर्यंत धुमाकूळ घातला. तिसऱ्या पिढीतले आदर्श शिंदे आज चित्रपटांत गातात, आणि २०१९ साली दूरदर्शन संचांवर आलेल्या बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिकेच्या शीर्षकगीताला त्यांचाच आवाज आहे. पदपथावरून निघालेले गाणे तीन पिढ्यांत कुठवर गेले पहा!

एक अवघड प्रश्न

प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाचीही गाणी गायली, आणि ती अफाट गाजली. आषाढीला पंढरीच्या वाटेवर तोच आवाज वाजतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातल्या काहींना हे खटकले. खटकणे स्वाभाविक आहे. पण आपणही स्वतःला विचारले पाहिजे, की भीमगीत गाणाऱ्याला आपण बारा महिने पोसले काय? जयंतीच्या आठवड्यात हार आणि टाळ्या, नंतर वर्षभर चूल कशी पेटते याची चौकशी नाही. कलावंताने बाजाराकडे पाहिले असेल तर त्यात समाजाचाही वाटा आहे. आणि ज्या देवळांच्या पायरीवर आपल्या पूर्वजांना उभे करत नव्हते, त्याच देवळांच्या कर्ण्यातून आंबेडकरी समाजातल्या गायकाचा आवाज निघतो, हीदेखील इतिहासाने घेतलेली फिरकीच म्हणायची.

अमेरिकेतही टेपनेच केले

आपल्यासारखीच गोष्ट सातासमुद्रापार घडली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब वस्तीत कूल हर्क नावाच्या तरुणाने एका इमारतीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिथून हिपहॉप जन्मले असे मानतात. ठेक्यावर धडाधड बोलत गाणे, म्हणजे रॅप. काळ्या आणि गरीब पोरांचे हे गाणे सुरुवातीची वर्षे कोणी छापले नाही. ते टेपवर भरून हातोहात फिरले. पुढे अशा टेपला मिक्सटेप म्हणू लागले. फिफ्टी सेंट नावाचा गायक २००० साली नऊ गोळ्या लागूनही वाचला. कंपनीने त्याला सोडून दिले. त्याने २००२ मध्ये मिक्सटेपा काढून रस्त्यावर नाव केले, तेव्हा मोठ्या कंपन्या पुन्हा दारात आल्या. २००३ चा त्याचा पहिला मोठा अल्बम लाखोंनी खपला. त्याच्या गाण्यातली बंदूक आणि पैशाची शेखी आपल्या मुलांनी घेण्यासारखी नाही. पण वाट ओळखीची आहे. दार बंद असेल तर टेपवर भरा आणि हातोहात वाटा, ही ती वाट.

नाव कोणाचे?

टेपने दिले तसे हिरावलेही. कॉपीवरून कॉपी निघाली की वरचा कागद गळून पडे. गायक आवाजावरून ओळखू येई, पण गीत कोणी लिहिले? पेटी, ढोलकी, बुलबुल कोणी वाजवली? कोरसला कोण होते? कॉपीच्या कमाईतला पैसाही त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

इथे महाकवी वामनदादा कर्डक यांची आठवण होते. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मलेले वामनदादा मुंबईत कष्ट करता करता मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ पासून ते गीते लिहू लागले आणि १५ मे २००४ ला, प्रल्हाद शिंदे यांच्या महिनाभर आधी, गेले. गीताच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचे नाव गुंफत. ही जुन्या संतांची आणि शाहिरांची रीत. त्यामुळे कागद फाटला, लेबल गळाले, तरी कवी जिवंत राहिला. आजचा रॅप गाणारा पोरगाही गाण्यात स्वतःचे नाव घेतो, वस्तीचे नाव घेतो. म्हाताऱ्यांना तो गर्व वाटतो. पण ज्यांचे नाव गावाने तुच्छतेने घेतले त्यांनी आपले नाव छाती काढून घेणे यात गैर काय?

आता आपल्या दारात

विदर्भात हे वारे आले आहे. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१०० आरबीएच’ या नावाने रॅप गातो, आणि २०२३ साली एमटीव्हीच्या ‘हसल’ या स्पर्धेतून तो देशभर दिसला. आज टेप नाही, मोबाईल आहे. पांढरकवड्याचा पोरगाही रात्री गाणे भरून सकाळी ते मुंबईत ऐकवू शकतो. वडीलधारी म्हणतात, हे गाणे की भांडण? त्यांनी आठवावे, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत, तेव्हा त्यांनाही सनातन्यांनी काही फुले वाहिली नव्हती. जलशात गण-गवळणीची जागा प्रबोधनाने घेतली, तीही त्या वेळी नवलाईच होती.

खरी काळजी रॅपची नाही, डीजेची आहे. जयंतीच्या मिरवणुकीत छाती हादरते, पण शब्द एकही कळत नाही. आपल्या गाण्यांचा जीव शब्दांत आहे. शब्द ऐकू आला नाही तर उरतो तो फक्त गोंगाट. रॅप गाणारा निदान शब्दाला मान देतो.

घरातले खोके उघडा

शेवटी एक विनंती. मोठ्या गायकांची गाणी कंपन्या सांभाळतील. पण आपल्या गावच्या गायन पार्टीचा सामना, विहाराच्या उद्घाटनाची रात्र, कोण्या आजीने गायलेली बाबासाहेबांची ओवी, हे फक्त तुमच्या खोक्यात आहे. ओल लागली की टेपला बुरशी येते, रीळ चिकटते, आवाज पुसत जातो. म्हणून हे करा :

कॅसेट थेट जुन्या टेपमध्ये घालू नका. आधी हेड साफ करून घ्या, रीळ हाताने हळू फिरवून पहा. वायर जोडून गाणी कॉम्प्युटरवर आणि पेन ड्राइव्हवर भरून देणारा कारागीर शोधा, आणि एक प्रत विहारात ठेवा. गायक, गीतकार, वाजवणारे, गाव, साल, जेवढे आठवेल तेवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहा. हे काम कॉलेजात जाणाऱ्या मुलीमुलांकडे द्या. उद्या रॅप लिहायला बसणाऱ्या पोराच्या हाती ही वही पडली तर त्याला कळेल की तो पहिला नाही.

ज्यांना गावाने बोलू दिले नाही, त्यांनी गाऊन सांगितले. ते गाणे आपल्या खोक्यात बुरशी लागून मरू देऊ नका.

जयभीम!